कानाला हात

माझा तबला सुरातून खाली उतरला होता आणि मंचावरच्या पाच जणांत ही गोष्ट मला एकटीलाच माहीत नव्हती.

श्रावणातली बैठक. देवळाचा सभामंडप, वर पत्रा, पत्र्यावर पाऊस. गायला बसलेल्या बुवांनी मियाँ मल्हार राग मांडलेला, विलंबित म्हणजे संथ एकताल. मी त्यांच्या उजव्या हाताला. दिवसा बँकेत कॅशियर, संध्याकाळी तबल्याची विद्यार्थिनी, आणि जाहीर साथ करण्याची ही तिसरीच खेप. समोर पेटीवर एक काका, मागे तंबोऱ्यांवर बुवांचे दोन शिष्य. माझ्या भाचीने पहिल्या रांगेत बसून मोबाईलवर नऊ मिनिटांचं चित्रीकरण केलं. हे सगळं लिहायला बसले ते त्या नऊ मिनिटांमुळे.

पण तिथवर पोचायला दीड वर्ष लागलं होतं, ते आधी सांगते.

गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद मी रमतगमत, नोकरी आणि घर सांभाळत पस्तिसाव्या वर्षी पूर्ण केली. परीक्षेत पेशकार वाजवायचा, कायदे, रेले, तुकडे वाजवायचे. शेजारी पेटीवर लेहरा, म्हणजे तालाचं माप धरणारी धून, चालू असतो, समोर परीक्षक असतात. सगळे तुमच्याकडे बघत असतात. तुम्ही कुणाकडे बघितलं नाहीत म्हणून गुण कापले जात नाहीत. निकालाचे पेढे घेऊन गेले तेव्हा माझे तबल्याचे सर पेढा खाता खाता एवढंच म्हणाले, "हात बरा झालाय. आता डोळे तयार करू." मी नुकताच चष्मा बदलला होता. मला वाटलं, त्याच्यावरच बोलतायत.

सरांचं घर मिरजेत, सतारमेकरांच्या गल्लीला लागून. तंबोऱ्यांसाठीचे वाळलेले भोपळे त्या रस्त्याने हातगाडीवरून जात-येत असतात. सरांची शिकवायची खोली रस्त्याकडेची, दार सताड उघडं. पहिला धडा असा की मी विलंबित एकतालाचा ठेका धरायचा, धिं धिं धागे तिरकिट तू ना, आणि सरांनी माझ्याशी गप्पा मारायच्या. मी नुसतं हूं हूं करायचं नाही, नीट उत्तरं द्यायची.

"काय गं, आज डब्यात काय होतं?"

"मेथीची..." म्हणेपर्यंत सातव्या मात्रेचा 'क' पडायचा राहिलेला असे.

"भाजी मेथीची. ताल कशाचा?"

एकतालाच्या मात्रा बाराच. पण विलंबितात एकेक मात्रा चार तुकड्यांत मोकळी करतात, आणि बुवा ज्या लयीत गातात त्या लयीत एक आवर्तन, म्हणजे बाराही मात्रांची एक फेरी, ४८ सेकंदांच्या आसपास जातं. घड्याळ लावून गप्प बसून बघा, ४८ सेकंद किती लांब असतात ते कळेल. एवढ्या मोकळ्या रानात मी हरवायचे. हरवू नये म्हणून मनातल्या मनात अखंड मोजायचे. एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार. आणि तेच मला नडत होतं. मोजताना माणूस आतल्या आत बोलतच असतो. आत कुणीतरी सतत बोलत असताना बाहेरचं बोलणं आत शिरणार कुठून?

खरं म्हणजे हे मला आधीच ठाऊक असायला हवं होतं. बँकेत मशीन येण्यापूर्वी आम्ही नोटा हाताने मोजत होतो. गड्डी त्र्याहत्तरवर आली आणि काउंटरवरून कुणी "मॅडम, पासबुक..." म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. मशीन आल्यावर काम वेगाने व्हायला लागलं ते आहेच, पण मला आठवतंय ते वेगळं. मशीन फरफरत असताना पहिल्यांदा मी समोरच्या माणसाकडे बघितलं. पेन्शन घ्यायला दर महिन्याला येणाऱ्या एका आजोबांच्या डाव्या हाताला एक बोट नव्हतं. सहा वर्षं त्या हातात पैसे देत होते मी.

दुसरा धडा भोपळ्यांचा. दाराकडे तोंड करून ठेका धरायचा आणि सर मधेच विचारायचे, "आत्ता गाडी गेली, भोपळे किती होते?" पहिले काही आठवडे माझं उत्तर ठरलेलं, "कुठली गाडी?" गाडी माझ्या डोळ्यांसमोरून, सहा-सात फुटांवरून गेलेली असे, चाक करकरत. तिथे काहीतरी हललं एवढंही मला सांगता यायचं नाही. मग एका दुपारी, चारेक महिन्यांनी असेल, सरांनी विचारलं आणि मी म्हटलं, "अकरा. एकाला तडा होता." म्हणून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की कितीतरी आवर्तनं मी मोजलंच नव्हतं. ठेका हातात उतरला होता. दहाव्या मात्रेचं तिरकिट आलं की सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा, जवळ आल्याचं बोटांनाच कळत होतं, माझ्या परवानगीची त्यांना गरज नव्हती.

आता डोळे मोकळे झाले म्हणून सरांनी मला बुवांच्या तालमीला पाठवलं. तबला न नेता. दोन महिने नुसतं बसायचं आणि बघायचं.

मी हुशार विद्यार्थिनी. वही घेऊन गेले. पानावर दोन रकाने पाडले, खूण आणि अर्थ. तळवा पालथा करून खाली दाबला की लय खाली. चुटकी वाजवली की हीच लय धरा. मुखडा, म्हणजे समेकडे नेणारी बंदिशीची ओळ, घेताना मान वर करून माझ्याकडे बघितलं की समेवर जोरकस या. हात पुढे करून उघडा धरला की आता तुम्ही वाजवा, मी थांबतो. पंधरा-वीस खुणा झाल्या. मला फार आनंद झाला, कोश तयार झाला म्हणून. तिसऱ्या आठवड्यात तो कोश कोसळला. बुवांचा तोच पालथा तळवा मंद्रात उतरतानाही खाली जायचा, कारण सूर खाली चालला होता. त्यात माझ्यासाठी निरोप नव्हता. चुटकी ते कधी लयीसाठी वाजवत, कधी स्वतःच घेतलेल्या एखाद्या सुंदर जागेवर, सुरांच्या वळणावर, खूश होऊन. आणि एकदा मी ज्या हालचालीपुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं, ती डासासाठी निघाली.

हाच तो काळ, जेव्हा बँकेने आम्हाला एका प्रशिक्षणाला बसवलं होतं. टाय घातलेल्या प्रशिक्षकाने पडद्यावर गोल काढून दाखवला: संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८, देहबोलीचा ५५. मी टिपूनही घेतलं. भाची मानसशास्त्रात एम.ए. करते, तिला दाखवल्यावर ती वैतागलीच. "मावशी, हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियनच्या १९६७ मधल्या प्रयोगांचे आहेत. एखादाच शब्द, कुठल्या तरी सुरात म्हटलेला, सोबत चेहऱ्याचा फोटो, आणि प्रश्न एवढाच की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही. सगळ्या बोलण्याला ते लागू होतं असं तो स्वतःही म्हणत नाही." मला ते लगेच पटलं. ५५ टक्के देहात असतं म्हणावं, तर तंबोरे बंद करून बुवांना नुसते हातवारे करायला सांगावेत आणि राग ओळखावा.

खुणेचा अर्थ हातात नसतो, हे त्या दोन महिन्यांत हळूहळू कळलं. हात काय करतोय यापेक्षा डोळे कुठे आहेत ते बघायचं. डोळे मिटलेले किंवा वर कुठेतरी लागलेले असतील तर हात सुराशी बोलतोय. डोळे माझ्याकडे वळले की हात माझ्याशी बोलतोय. ब्रिटिश अभ्यासक मार्टिन क्लेटन यांचा ख्यालगायनातला काळ, हातवारे आणि अवधान याच विषयावरचा २००७ सालचा लेख भाचीने शोधून दिला. एका मैफलीचं चित्रीकरण घेऊन कोण कधी कुणाकडे लक्ष देतंय, हे त्यात बारकाईने तपासलंय. इतक्या गंभीरपणे कुणी आमच्या माना डोलावण्याकडे बघितलंय हे वाचून बरं वाटलं. वही मात्र तेव्हाच बंद केली होती.

तर, श्रावणातली बैठक.

सुरुवातीला मी तबला नीट मिळवला होता, काळी एकला. बुवांनी मान हलवून पसंती दिली होती. पण पुडी, म्हणजे तबल्याचं तोंड, शेवटी चामड्याची. दमट हवा पिते आणि सैल पडते. पावसाळ्यात तबलजीने दर दोन-चार आवर्तनांनी कान देऊन बघायचं असतं, हे पोरासोरांनाही माहीत. मीही लहान मुलींना शिकवताना सांगते.

माझं सगळं लक्ष बुवांवर. दीड वर्ष त्यासाठीच घातलेलं. आणि खरोखर, मला सगळं दिसत होतं! मुखड्याच्या आधी भुवई किंचित वर जाते तेही. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला बुवांनी माझ्याकडे बघितलं. डोळे माझ्याकडे, म्हणजे निरोप माझ्यासाठी. मी अर्थ लावला, ठेका रिकामा वाटतोय, भरायला हवा. तिरकिट जरा दाट केलं. पुढच्या आवर्तनात पुन्हा बघितलं. मी आणखी भरलं. तिसऱ्यांदा त्यांनी बघितलं ते माझ्या चेहऱ्याकडे नसून तबल्याच्या मधल्या काळ्या शाईकडे होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, माझी बोटं बघतायत. अंगावर मूठभर मांस चढलं.

मग बुवांनी कोमल गंधारावर झुलत एक फार जुन्या वळणाची जागा घेतली, आणि पेटीवाल्या काकांनी माझ्याकडे बघत कानाच्या पाळीला हात लावला. आपल्याकडे उस्तादांचं नाव घेतलं, त्यांची चीज किंवा जागा आली, की कानाला हात लावतात. मी भारावून मान डोलावली. काकांनी पुन्हा कानाला हात लावला. मी पुन्हा मान डोलावली, या वेळी डोळे मिटून.

विलंबित संपवून बुवांनी पाण्याचा पेला उचलला. पाणी प्यायले, पेला ठेवला, आणि हात लांब करून माझ्या तबल्याच्या चाटेवर, पुडीच्या कडेवर, तर्जनीने एकदाच टिचकी मारली.

ते मी ऐकलं. तंबोऱ्यांच्या त्या भरलेल्या षड्जात माझा तबला जवळजवळ अर्ध्या सुराने खाली, ओल्या पुठ्ठ्यासारखा. कानशिलं तापली. हातोडी उचलून गजऱ्यावर, पुडीभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर, ठोकायला घेतली तर हात थरथरत होते. बुवा श्रोत्यांकडे वळून म्हणाले, "मल्हार मी गायलो, पाऊस यांच्या तबल्यात पडला." सगळे हसले. मीही हसले, रडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "चित्रीकरण आहे ना? बघ. पण एका वेळी एकालाच बघ. आणि आवाज बंद करून."

पहिल्यांदा मी अर्थातच स्वतःला बघितलं. समूहाचा फोटो हातात आला की आपण आधी स्वतःला शोधतो, तसं. दुसऱ्यांदा बुवांना. नऊ मिनिटांत, म्हणजे अकरा आवर्तनांत, ते माझ्या तबल्याकडे सहा वेळा बघतात. तिसऱ्यांदा काकांना, आणि तेव्हा मी मोबाईल पालथा ठेवून थोडा वेळ स्वयंपाकघरात जाऊन आले. तो माणूस नऊ मिनिटं माझ्याशी बोलत होता. कानाला हात दोनदा लावला होता एवढं मला आठवत होतं. तो लावला होता पाच वेळा. त्याशिवाय एकदा तर्जनी वर करून, चढव म्हणून. एकदा पेटीवर षड्ज जरा जास्तच लांबवून, हनुवटी माझ्याकडे उडवून. पेटीवाला आणि तबलजी समोरासमोर बसतात. काका माझ्या थेट नजरेच्या रेषेत, पाच फुटांवर होते.

चौथ्यांदा मागची दोघं. तंबोऱ्यावरची मुलगी दुसऱ्याच आवर्तनाला तोंड वाकडं करून शेजारच्या मुलाकडे बघते. म्हणजे सगळ्यात आधी तिला कळलं होतं. बुवा बोलत नाहीत तिथे आपण कसं बोलायचं म्हणून गप्प बसली असणार बिचारी. पाचव्यांदा भाचीला सोबत घेऊन बघितलं, तर तिने भलतंच दाखवलं. बुवांचा डावा हात. इतक्या वेळात मी तो पाहिलाच नव्हता. तो पूर्ण वेळ गुडघा दाबत होता. मांडी घालून बसणं त्यांना जड जात होतं, आणि हे मंचावर, मला वाटतं, कुणालाच दिसलं नव्हतं.

"पण दिसलं नाही ते नाही, मला ऐकू कसं आलं नाही?" हा माझा खरा सल होता. तबला माझ्या हाताखाली, कान जागेवर. भाचीने कॉलिन चेरी नावाच्या संशोधकाचा १९५३ मधला प्रयोग सांगितला. दोन कानांत दोन वेगवेगळी बोलणी, आणि एका कानातलं ऐकत ऐकत मोठ्याने म्हणत जायचं. दुसऱ्या कानात माणूस बोलतोय की नुसता सूर वाजतोय एवढं लोकांना सांगता येई, पण तिथलं बोलणं इंग्रजीतून जर्मनमध्ये गेलेलं कळत नसे. मी म्हटलं, ती साधी माणसं, मी या कामात मुरलेली. त्यावर तिने दुसरा सांगितला, २०१३ चा. छातीच्या स्कॅनमध्ये गाठी शोधणाऱ्या २४ रेडिओलॉजिस्टांना एका स्कॅनमध्ये गुपचूप गोरिलाचं चित्र घालून दिलं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलं नाही. डोळ्यांची हालचाल मोजली तर त्यातल्या बऱ्याच जणांची नजर थेट गोरिलावर पडून गेली होती. म्हणजे मुरलेला माणूस ज्यात मुरलाय तेच बघतो. मला बुवांची भुवई दिसत होती ना, त्याचीच किंमत मी मोजली.

तिने आणखी एक करायला लावलं. हात समोर लांब करून अंगठा वर धर, म्हणाली. नखाने जेवढं झाकलं जातं, जवळपास तेवढ्याच तुकड्यात डोळ्याला बारकावे स्पष्ट दिसतात. बाकी सगळं अंधुक, आणि ते अंधुक आहे हेही आपल्याला जाणवत नाही. मी बसल्या जागी करून बघितलं. एका नखात बुवांचा चेहरा. मग काका कुठे बसवायचे?

सगळ्यांकडे एकदम बघायचा नाद मी तिथे सोडला आणि बँकेतल्यासारखी वेळ ठरवून दिली. चौथ्या मात्रेच्या तिरकिटला कान स्वतःच्या तबल्याकडे. सातव्या 'क'ला नजर काकांकडे. दहाव्या तिरकिटपासून समेपर्यंत बुवा, दुसरं कुणी नाही. मधल्या वेळात कुठेही. ऐकायला यांत्रिक वाटतं, आणि पहिले काही महिने होतंच. बुवांचे एक-दोन चांगले क्षण माझ्या चौथ्या मात्रेत सापडून वाया गेले. सरांना सांगितलं तर म्हणाले, "जाऊ देत. सगळे क्षण कुणाच्या बापाला मिळालेत?" हळूहळू तेही ठेक्यासारखंच हातात उतरायला लागलं.

डिसेंबरात पुन्हा तेच आम्ही पाच जण, एका वाड्यातली घरगुती बैठक. हवा कोरडी, तबला खणखणीत, बुवांना खाली उशी दिलेली. पूरिया. सातव्या मात्रेला मी ठरल्याप्रमाणे काकांकडे बघितलं आणि त्यांचा हात कानाला.

मी क्षणही दवडला नाही. हातोडी उचलली, दोन मात्रांच्या मधल्या जागेत गजऱ्यावर ठोकलं, चाटेवर ऐकलं. सूर जागच्या जागी होता. माझ्या ठोक्याने आता तो वर चढला. काका घाबरून पेटीवरचा हात सोडून नाही नाही करायला लागले, मग बुवांकडे बोट, मग वर आभाळाकडे. बुवांनी मिरजेत राहिलेल्या थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ढंगाची जागा घेतली होती. मिरजेच्या माणसाने त्यावर कानाला हात लावायचा नाही तर कशावर? मी खालून ठोकून तबला परत उतरवला. तंबोऱ्यावरची मुलगी पदर तोंडाला लावून हसत होती, ते मला दिसलं.

बुवांनीही बघितलं असावं, कारण पुढच्या आवर्तनात त्यांनी तीच जागा मुद्दाम परत घेतली, माझ्याकडे बघत. मी उजवा हात उचलून कानाला लावला, आणि अकराव्या मात्रेचा 'धी' गेला.